डावीकडचं पुढचं चाक

"डावीकडच्या पुढच्या चाकातली हवा वेगाने कमी होत आहे. काळजी करू नका. मी त्या चाकावरचा भार काढून घेत आहे."

करूळ घाट अर्धा चढून झाला होता तेव्हा गाडी हे गोड आवाजात म्हणाली, आणि मी मूर्खासारखी तिला 'थँक्यू' म्हणाले. वर आणखी पाठीमागे वळून नवऱ्याला सांगितलं, "बघ, म्हणून मी ही गाडी घेऊया म्हणत होते." दिगंबर मागच्या सीटवर आडवा पडला होता. त्याने डोळे न उघडताच हात हलवला. माझे सासरे, आबा, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी पुढच्या काचेतून दिसणाऱ्या आभाळाला हात जोडले.

आम्हाला चार वाजायच्या आत कोल्हापूरला पोचायचं होतं. दिगंबर तीन वर्षं डायलिसिसवर होता. तीन वर्षं आम्ही किडनीच्या यादीत नाव लावून बसलो होतो, आणि त्या दिवशी सकाळी मी वर्गात पाढे घेत असताना हॉस्पिटलच्या बेनाडे मॅडमचा फोन आला. एका अपघातातल्या माणसाच्या घरच्यांनी अवयव दिले होते. एक किडनी पुण्याला जाणार होती, दुसरी आमच्या दिगंबरला जुळत होती. "चारपर्यंत दाखल व्हा. पुढच्या तपासण्यांना तेवढा वेळ लागतोच," मॅडम म्हणाल्या. "आणि गैरसमज नको म्हणून आत्ताच सांगते. यादीतल्या दुसऱ्या पेशंटलाही बोलावून ठेवलंय. तुम्ही पोचला नाहीत तर किडनी वाया घालवता येत नाही." मी पोरांना शेजारच्या वर्गात बसवलं आणि तशीच घरी पळाले.

ही गाडी आम्ही याच फोनसाठी घेतली होती. वैभववाडीहून रात्री-अपरात्री निघावं लागलं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको, म्हणून. अजून महिनाही झाला नव्हता.

नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. तिच्याऐवजी प्रत्येक चाकावर हवेची एक जाड पिशवी असते. पिशवी फुगली की गाडीचा तो कोपरा वर जातो, बसली की चाक आत ओढलं जातं. एखाद्या टायरची हवा गेली तर गाडी ते चाक रस्त्यापासून चार बोटं वर उचलून धरते आणि उरलेल्या तिन्ही चाकांवर तोल सांभाळत चालते, पाय दुखावलेलं कुत्रं चालतं तशी. जाहिरातीत ते फार छान दिसतं. फक्त एक आहे. पुढचं डावं चाक उचललं की गाडीच्या पुढच्या अंगाचा जवळजवळ सगळा भार पुढच्या उजव्या चाकावर येतो. तेव्हा ते चाक तरी धडधाकट असायला हवं.

दोन वळणं गेली आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं. उजवीकडे कठडा होता, आणि कामासाठी तोडलेल्या जागी तोही नव्हता, नुसती दरी होती. मी सगळा जोर लावून गाडी सरळ धरली तर खालून फडफड फडफड आवाज. ब्रेक दाबला.

आबा माझ्या आधी उतरले. खाली वाकून त्यांनी हवेत उचललेल्या डाव्या चाकावर थाप मारली.

"सुलू, ह्या चाक तर टमटमीत आसा गो!"

मी पळत उजवीकडे गेले. उजवा टायर बसला होता. रस्त्याच्या कामाची खडी जिथे तिथे पसरलेली होती, त्यातल्याच एखाद्या धारदार दगडाने टायरच्या कडेला बोटभर चीर पाडली होती. म्हणजे हवा गेली होती उजव्या चाकातली, आणि गाडीने उचललं होतं डावं. ज्या टायरला आधाराची गरज होती त्याच्यावर तिने दुप्पट ओझं घातलं होतं आणि वर मला म्हणत होती, काळजी करू नका.

"उजवं चाक पंक्चर आहे," मी गाडीला सांगितलं. "उजवं उचल. डावं खाली ठेव."

"डावीकडच्या पुढच्या चाकात हवा नाही," ती म्हणाली. "सुरक्षेसाठी हा निर्णय चालकाला बदलता येत नाही."

मी तिच्या पडद्यावर चापट मारली. कुणा माणसाला मी तशी कधी मारलेली नाही.

पंक्चरच्या फेसाचा डबा होता, तो सगळा रिकामा केला. फेस चिरेतून बाहेर आला आणि उतारावरून ओघळत गेला. एकशे आठला फोन लावला. गगनबावड्याची अॅम्ब्युलन्स नुकतीच एक पेशंट घेऊन कोल्हापूरला गेली होती, दुसरी यायला दोन तास. दुसऱ्या गाडीला हात करावा तर घाट त्या दुपारी रस्त्याच्या कामासाठी बंद होता, आणि त्या टप्प्यावर मजूरही नव्हते. आमचा पेशंट आणि कागद बघून खालच्या नाक्यावरच्या हवालदारांनी एकट्या आम्हाला सोडलं होतं, आणि मी किती खूश झाले होते! रस्ता मोकळा मिळाला म्हणून. आता त्या मोकळ्या रस्त्यावर वर-खाली कुठे चिटपाखरू नव्हतं.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडे कुणी श्रेया नावाची बाई होती. सुरुवातीला तीही गाडीसारखंच बोलली. मी रडत, ओरडत, किडनी, चार वाजता, सगळं सांगून टाकलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, थांबा. मी तुमच्या गाडीची पहिल्या दिवसापासूनची नोंद बघते."

ती बघत होती तोवर दिगंबर दार उघडून पाय खाली सोडून बसला. त्याच्या पावलांना सूज होती. त्याने विचारलं, "किती वाजले?" मी घड्याळाचा हात मागे घेतला.

"ताई," श्रेया म्हणाली, "गाडी घरी आल्यावर तुम्ही पहिल्यांदा कुठे नेली होती?"

"का?"

"सांगा ना. या नोंदीत पहिले तीन किलोमीटर गाडी एकदाही सरळ गेलेली नाही. सारखी उजवीकडेच वळत होती. गोल गोल."

मी आबांकडे बघितलं.

त्या बाईने जे समजावलं ते असं. टायरमधले सेन्सर रबरातच पुरलेले असतात. त्यांना वायर नसते, चाक फिरतं त्यावरच त्यांची वीज तयार होते. चारही सेन्सर अगदी एकसारखे. आपण डावीकडे बसलोय की उजवीकडे हे त्यांना माहीत नसतं, ते गाडीने पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये शिकून घ्यायचं असतं. शिकायची रीत सोपी आहे. पोरं हात धरून झाडाभोवती पळतात तेव्हा बाहेरच्या पोराला जास्त पळावं लागतं. तसंच गाडी उजवीकडे वळली की डावी चाकं जास्त फिरतात, डावीकडे वळली की उजवी. वळण कुठल्या बाजूला आहे ते गाडीच्या पोटातलं एक यंत्र सांगतं. पण त्या यंत्रालाही आधी 'सरळ' म्हणजे काय ते ठरवावं लागतं, आणि तेही ते सुरुवातीच्या चालण्यावरूनच ठरवतं. बहुतेक वेळ जे चाललंय ते सरळ, असं धरून. कारखान्यातल्या लोकांना वाटलं, नवी गाडी कुणीही घेतली तरी रस्त्यानेच नेणार.

आमची गाडी ट्रकवर चढून थेट गावात आली होती. ट्रकवरून उतरवली ती देवळाच्याच मैदानात. पावणादेवीला आबांचा नवस होता, झिलाचं म्हणजे मुलाचं काम होऊ दे, नव्या गाडीच्या एकवीस प्रदक्षिणा घालीन. मी गाडी चालवत होते आणि आबा शेजारी बसून मोजत होते. देवाला उजवी घालायची, म्हणजे सगळा वेळ उजवीकडेच वळायचं. त्या गोल फिरण्यालाच गाडी सरळ समजली. मग घरी येताना रस्ता थोडाथोडा उजवीकडे वळत होता, तो तिला डावीकडे वळल्यासारखा वाटला. जास्त फिरणारी चाकं तिने उजवी ठरवली आणि ती होती डावी. तिचं शिक्षण तिथेच संपलं. डाव्याला उजवं आणि उजव्याला डावं म्हणत ती तीन आठवडे आमच्याकडे सुखाने नांदली, कारण तोवर तिला कुणी विचारायलाच गेलं नव्हतं.

"मग आता तिथून शिकवा ना तिला!" मी म्हणाले.

"पुन्हा शिकायला तिला तीन किलोमीटर चालावं लागेल, ताई. त्या टायरवर तीनशे मीटरही जाणार नाही. मला खरंच..."

मी फोन कापला आणि सासऱ्यांवर फिरले. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे मी आवाज चढवलेला नाही. ते मला सून म्हणून नाही, लेक म्हणून वागवतात हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"ऐकलंत? तुमच्या प्रदक्षिणांनी झालंय हे! एक घालून भागलं नसतं? दोन? एकवीस! कशासाठी? तुमचा मुलगा मरतोय इथे रस्त्यात, आबा, तुमच्या देवीपायी!"

"सुलक्षणा," दिगंबर म्हणाला.

"तू गप्प बस!"

आबांचा हात कठड्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला, पुन्हा ठेवला. "माका खय ठावक होता गो," ते म्हणाले. "झिलाक बरा वाटूचा म्हणान केलंय." मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, त्या घटकेला आली नाही.

तेवढ्यात बेनाडे मॅडमचा फोन. कुठे आहात? दुसरा पेशंट येऊन बसलाय. त्याचं रक्त घेतलं, तपासायला पाठवलं. "मी चारपर्यंत थांबेन," त्या म्हणाल्या. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

दिगंबरने माझ्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला. "दे. सांगतो त्यांना. मिळू दे दुसऱ्याला. आपण उगाच अडवून ठेवलंय."

"हात लावशील तर बघ."

"सुलू, तू दमलीस. मीही दमलोय."

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. तीन वर्षांत तो एकदाही असं बोलला नव्हता. सुईला भ्यायचा, पाणी मोजून प्यायचा, चिडायचा, पण दमलोय म्हणाला नव्हता. मला कळलं की ही किडनी गेली तर पुढच्या फोनपर्यंत हा माणूस थांबणार नाही. शरीराने थांबला तरी मनाने थांबणार नाही.

मी त्या बसलेल्या टायरपाशी रस्त्यातच बसकण मारली. डोकं चालत नव्हतं. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, हिला काही शिकवता येणार नाही, हिला काही शिकवता येणार नाही. आणि मला माझा वर्ग आठवला. मी पहिलीच्या बाकांवर पोरांची नावं चिकटवते. दोन पोरं एकमेकांच्या बाकावर बसली तर मी काही चिकटवलेली नावं खरवडून काढत नाही. पोरांना उठवते आणि त्यांची अदलाबदल करते.

"आबा!" मी ओरडले. "चाकं बदलायची! डावं उजवीकडे, उजवं डावीकडे!"

मला वेड लागल्यासारखे दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

"गाडीला वाटतंय, फुटलेलं चाक डावीकडे आहे. मग ते खरंच डावीकडे लावू. मग ती जे चाक उचलेल ते फुटलेलंच असेल. तिचं खरं करून टाकू!"

दिगंबर हसला. रडल्यासारखा हसला, पण हसला.

चाकाच्या नटांचा पाना डिकीत होता, कायद्याने द्यावा लागतो म्हणून दिलेला. जॅक नव्हता. पण गाडी स्वतःच उठत-बसत होती. म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून ती खाली बसते आणि बसताना चाकं पोटात घेते. डावं चाक तर तिने आधीच उचलून धरलं होतं. उजवीकडे तिला पूर्ण उंच करायची, अंगाखाली दगडांचा थर रचायचा आणि मग बसवायची, म्हणजे ती दगडांवर टेकेल आणि चाक सुटं होईल.

"धोंडे मी आणतंय," आबा म्हणाले. "तू पानो घे."

सत्तरी उलटलेला माणूस. कठड्याच्या कामाचे घडीव दगड, चिरे, वळणापलीकडे पडले होते. एकेक चिरा पोटाशी धरून ते आणत होते. नको म्हणायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि खरं तर इच्छाही नव्हती. मी पान्यावर उभी राहून, उड्या मारून नट सोडवले. गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना दगडाची ओट लावली. गाडी खाली बसताना चिरे करकरले. एक फुटला, बाकीचे टिकले. दोन्ही चाकं काढली. फुटलेलं चाक ओढत डावीकडे नेलं, चांगलं उजवीकडे आणलं. माझी बोटं सोलवटली होती. दिगंबर खाली उतरून नट हातात देत होता, मी नको नको म्हणत असतानाही.

गाडी चालू केली. पडदा उजळला.

"डावीकडच्या पुढच्या चाकात हवा नाही," ती म्हणाली. "मी ते चाक उचलून धरले आहे."

या वेळी ती खरं बोलत होती.

"तीन चाकांवर जाण्यास तयार. वेग पन्नासपर्यंत. तोलासाठी मागे उजवीकडे आणखी वजन हवे."

आबा दिगंबरला सरकवून मागे उजव्या कोपऱ्यात बसले. पडद्यावरची खूण तांबडीच. मी म्हणाले, एक चिरा डिकीत टाकू.

"डिकीत ठेवलो तर वळणावर घरंगळतलो," आबा म्हणाले. "हय दी. मांडयेर."

मी आणि दिगंबरने चिरा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. खूण हिरवी झाली.

त्यापुढचा रस्ता मला तुटक तुटक आठवतो. घाटमाथा, उसाची शेतं, रस्ता सोडून उभे राहून आमच्याकडे बघणारे लोक. गाडीचा एक पाय वर आणि मागे एक म्हातारा दगड कवटाळून बसलेला. प्रत्येक वळणावर मी आरशात बघत होते. आबांचे डोळे मिटलेले होते, दोन्ही हात चिऱ्यावर. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. रागाचं सगळं तोंडातून पटकन निघालं होतं. हे मात्र निघेना. मी गाडी चालवत राहिले.

चार वाजायला आले असताना हॉस्पिटलच्या फाटकात शिरलो. बेनाडे मॅडम दारातच उभ्या होत्या. स्ट्रेचर, धावपळ, लिफ्ट. दिगंबरने माझा हात दाबला आणि काचेच्या दारापलीकडे गेला. मॅडम म्हणाल्या, "थोडक्यात गाठलंत. मी दुसऱ्या पेशंटला आत घ्या म्हणून सांगायलाच निघाले होते." तेव्हा मला त्या काचेच्या दाराबाहेर एक पोरगी दिसली. पंधरा-सोळा वर्षांची, हिरवा झगा घालून खुर्चीत बसलेली, हाताला कापसाचा बोळा. एक नर्स तिच्यापाशी वाकून हळू आवाजात काही सांगत होती. पोरगी मान हलवत होती. हो. बरं. हो. मी तिथून पळालेच.

खाली आबा अजून गाडीतच होते. त्यांच्या बाजूचं दार उघडं होतं आणि एक माणूस आत वाकून त्यांच्या मांडीवरचा चिरा उचलत होता. पायजमा, सदरा, खांद्यावर टॉवेल. मी पायरीवरच थांबले.

"आजोबा, हे कशाला धरून बसलाय?" तो विचारत होता. "पाय गेलं असतील की कामातनं. सोडा, मी घेतो."

"माज्या झिलाक किडनी गावली," आबा म्हणाले. त्यांना चिऱ्याचं भानच नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आताच आत नेलानी. किडनी गावली तेका."

तो माणूस तसाच थांबला, दोन्ही हातांत चिरा घेऊन, अर्धा वाकलेला. मग त्याने चिरा खाली ठेवला, हळू, आवाज न करता.

"बरं झालं," तो म्हणाला. "लई बरं झालं."

त्याने आबांचे पाय एकेक करून बाहेर घेतले आणि खाली बसून त्यांच्या पोटऱ्या चोळायला लागला. आबांनी विचारलं, तुमचा कोण हय?

"लेक हाय." तो चोळतच होता. "आज दोन नंबरला हुती."

आबा खाली वाकले आणि त्या माणसाचे हात धरून तसेच बसून राहिले. मी पायऱ्या उतरून खाली आले. मी आबांच्या पायांपाशी, त्या माणसाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि दुसरा पाय चोळायला घेतला.

थोड्या वेळाने पोरगी बाहेर आली, स्वतःच्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन. तो माणूस उठला, टॉवेलने तोंड पुसलं आणि तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"चल बाळ," तो म्हणाला. "तळमजल्यावर डायलिसिसचा नंबर लावून ठिवलाय. तो तरी चुकाय नको."